वीर्य कमी, पुड्या पाच: मधुमेही पुरुषाच्या वनौषधींचा हिशेब

रुग्ण ३७ वर्षांचा. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत सीएनसी मशीनवर तीन पाळ्यांत काम, राहायला सिडकोत. टाइप २ मधुमेह सात वर्षांपासून. मुलगी सहा वर्षांची, दुसऱ्या मुलासाठी अडीच वर्षे प्रयत्न चालू. पत्नीच्या तपासण्या झालेल्या, त्यांत दोष नाही. (हे शिकवण्यासाठी रचलेले नमुना-प्रकरण आहे. आकडे अशा रुग्णांत नेहमी दिसतात तसे ठेवले आहेत, पण माणूस कुणी एक नाही.)

तक्रार त्यांनी दोन वाक्यांत आटोपली. "डॉक्टर, कमजोरी वाटते. आणि पाणी पण कमी झालंय." पाणी म्हणजे वीर्य. एवढे बोलून पिशवी टेबलावर ठेवली. आत पाच वस्तू होत्या: कडुलिंब-कारले-तुळशीच्या रसाची बाटली, मेथीची पूड, अश्वगंधा चूर्ण, मुसळी पाकाचा डबा आणि झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत करड्या रंगाची एक बिनलेबलची पूड. सकाळी रस, जेवणाआधी मेथी, रात्री दुधातून अश्वगंधा आणि दोन मोठे चमचे पाक, आणि "गरज असेल तेव्हा" ती करडी पूड. गोळ्या वेगळ्याच: मेटफॉर्मिन ५०० मिलिग्रॅम दोनदा, ग्लिमेपिराइड २ मिलिग्रॅम सकाळी.

अशा वेळी बहुतेक ठिकाणी सहावी पुडी दिली जाते. इथे आधी तक्रार फोडून पाहिली, कारण त्या दोन वाक्यांत किमान चार वेगळे बिघाड बसतात आणि चारही मधुमेहातून येतात. साखर रक्तवाहिन्यांचे आतले अस्तर खराब करते, तिथला नायट्रिक ऑक्साइड घटतो आणि ताठरता टिकत नाही. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन करते, वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारा, मेंदूकडून येणारा एलएच या संप्रेरकाचा इशाराही मंदावतो, त्याने इच्छाच कमी होते. वृषणात ऑक्सिडेशनचा ताण वाढून शुक्रजंतूंची चाल आणि डीएनए बिघडतात. चौथा बिघाड सगळ्यांत दुर्लक्षित. स्खलनाच्या वेळी मूत्राशयाचे तोंड आवळून धरणाऱ्या नसा निकामी झाल्या की वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जाते. याला प्रतिगामी स्खलन म्हणतात. सुखाची जाणीव होते, पण बाहेर थेंब-दोन थेंबच.

म्हणून विचारले, "संबंधानंतरची पहिली लघवी कशी दिसते?" ते थोडे थांबून म्हणाले, "गढूळ. ताकाच्या निवळीसारखी." निम्मे निदान इथेच झाले. मुतखड्यासाठी टॅम्सुलोसिन चालू आहे का, हेही विचारून घेतले. त्या गोळीनेही हुबेहूब हेच होते आणि मुतखड्याचे रुग्ण ती महिनोन्‌महिने घेत राहतात. इथे तसे नव्हते.

तपासणी आणि तिच्यातले सापळे

वजन ८२ किलो, कंबर १०२ सेंटिमीटर. आडवे असताना वरचा रक्तदाब १३८, उभे राहून तीन मिनिटांनी ११६. २० पेक्षा जास्त घसरण म्हणजे स्वायत्त नसांना इजा झाल्याची खूण. पुढे औषध निवडताना हा आकडा दोनदा उपयोगी पडला. शिश्नाच्या त्वचेवर पांढुरक्या चिरा होत्या, म्हणजे बुरशीचा संसर्ग. वृषणांचा आकार ठीक, फुगलेल्या शिरा नाहीत.

एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी, ९.६ टक्के. बी१२ १६४ पिकोग्रॅम, म्हणजे कमी. घर माळकरी, मांस-अंडी नाही, आणि वर सात वर्षे मेटफॉर्मिन, तेव्हा हे अपेक्षितच होते. बी१२ची कमतरता नसांचा त्रास आणखी वाढवते आणि तिच्यावर कुठलेही चूर्ण चालत नाही.

टेस्टोस्टेरॉनचा पहिला अहवाल २१८ नॅनोग्रॅम आला आणि रुग्ण घाबरला. नमुना दिला होता रात्रपाळी संपवून, सकाळी साडेअकराला, न झोपता. हे संप्रेरक झोपेत वाढते आणि जागे झाल्यावरच्या पहिल्या काही तासांत सर्वाधिक असते, त्यामुळे पाळीतल्या कामगाराचा असा नमुना वाचण्यात अर्थ नाही. दिवसपाळीच्या दुसऱ्या आठवड्यात, रात्रभर झोपून, उपाशीपोटी सकाळी आठला पुन्हा घेतला तेव्हा ३२६ आले. साधारण ३०० च्या खाली दोनदा आले तर कमी धरतात. म्हणजे काठावर, पण इंजेक्शन द्यावे असे नाही. मूल हवे असलेल्या पुरुषाला बाहेरून टेस्टोस्टेरॉन देणे तर उलटेच पडते: मेंदूचा इशारा बंद होतो आणि शुक्रजंतू तयार होणेच थांबते. जिममधली इंजेक्शने घेणाऱ्यांनाही हे कुणीतरी सांगायला हवे.

वीर्य तपासणीही दोनदा करावी लागली. पहिला नमुना घरून आणला होता, रहदारीत सव्वा तास गेला आणि पहिला भाग बाटलीबाहेर सांडलेला. नमुना तासाच्या आत, शक्यतो अर्ध्या तासात, शरीराच्या उबेत (शर्टाच्या आतल्या खिशात) पोचला पाहिजे आणि पूर्ण पाहिजे. पहिल्याच भागात शुक्रजंतू जास्त असतात. दुसरा नमुना प्रयोगशाळेतच, तीन दिवसांच्या संयमानंतर घेतला: प्रमाण ०.५ मिलिलिटर, दर मिलिलिटरला १४ दशलक्ष, पुढे सरकणारे २२ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीत खालच्या मर्यादा अनुक्रमे १.४ मिलिलिटर, १६ दशलक्ष आणि ३० टक्के आहेत. आम्लता आणि फ्रुक्टोज ठीक होते, म्हणजे नळीत अडथळा नाही.

मग निर्णायक तपासणी झाली, आणि ती स्वस्त आहे. आधी मूत्राशय रिकामे करायचे, नमुना द्यायचा, लगेच वेगळ्या बाटलीत लघवी करायची. ती लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाचा गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. मोठ्या भिंगाच्या एकेका क्षेत्रात १०-१५ हून अधिक शुक्रजंतू दिसले की प्रतिगामी स्खलन धरतात. इथे मोजता येणार नाहीत इतके होते. कारखाना चालू होता, माल मागच्या दाराने जात होता. पिशवीतल्या पाचही वस्तू त्या मागच्या दारापुढे निरुपयोगी होत्या.

पिशवीतल्या पाच वस्तू

आधी करडी पूड, कारण तीच धोक्याची. रुग्णाच्या म्हणण्याप्रमाणे ती घेतल्यावर पाऊण तासात गुण येई, चेहरा तापे, डोके दुखे. कुठलीही मुळी पाऊण तासात असे करत नाही. हे वर्णन सिल्डेनाफिलच्या गटातल्या गोळीचे आहे. शिवाय दोनदा रात्रपाळीत, पहाटे तीनच्या सुमारास, दरदरून घाम आणि हात थरथरणे झाले होते. दुसऱ्या वेळी सहकाऱ्याच्या ग्लुकोमीटरवर ५२ आले. ग्लिमेपिराइड आणि पोटात अन्न नाही, हे एक कारण. पण सिंगापूरची २००८ ची घटना माहीत असलेला माणूस तेवढ्यावर थांबणार नाही. त्या वर्षी पहिल्या पाच महिन्यांत तिथे मधुमेह नसलेले १५० लोक साखर कोसळून रुग्णालयात आले, सात जण कोमात राहिले, चार दगावले. कारण निघाले लैंगिक ताकदीच्या नकली गोळ्या आणि "वनस्पतीजन्य" औषधे, ज्यांत मधुमेहाचे ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले होते.

अशी भेसळ रंग, वास, चव किंवा पाण्यात टाकून ओळखू येत नाही. घटक वेगळे करून ओळखणारी एचपीएलसीसारखी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते. रुग्णाने करायचे ते एवढेच: ज्या पाकिटावर परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटक आणि उत्पादकाचा पत्ता नाही ते तोंडात टाकायचे नाही. हृदयासाठी नायट्रेटची गोळी चालू असेल तर अशी पूड जिवावरच बेतते, रक्तदाब एकदम तळाला जातो. मधुमेह आणि नपुंसकत्व बरे करण्याची जाहिरात करायला १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्याने मनाई आहे. तरी बसथांब्यांच्या भिंती रंगलेल्या असतातच. पूड पहिल्याच दिवशी बंद केली. भस्माची शक्यता म्हणून रक्तातले शिसे तपासले, ते ५ मायक्रोग्रॅमच्या खाली निघाले. हे तपासणे उगाच नव्हते: नागभस्म शिशाचे असते, प्रमेहात (आयुर्वेदातला मधुमेहाचा गट) ते वापरले जाते, आणि शिसे शुक्रजंतूंना मारक आहे.

मुसळी पाक दुसरा बंद झाला. सफेद मुसळीचे इथे कौतुक असणारच. पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात ती उगवते, आणि पहिल्या पावसात तिच्याच कुळातल्या फोडशीच्या जुड्या बाजारात येतात. भाजी खुशाल खावी. पाक म्हणजे मात्र निम्म्याहून अधिक साखर. दोन मोठे चमचे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे किमान १५ ग्रॅम साखर, वर ग्लासभर दूध, आणि मग झोप. सकाळची उपाशीपोटीची साखर १८० येत होती त्यात या डब्याचा वाटा होताच. आयुर्वेदाच्या चौकटीतही हे बसत नाही. वाजीकरणाची, म्हणजे लैंगिक ताकद वाढवणारी, द्रव्ये गोड, स्निग्ध, जड, तर स्थूल प्रमेहीची चिकित्सा अपतर्पणाची, म्हणजे शरीर हलके करण्याची. आधी प्रमेह आवरायचा, मग वाजीकरण. पाकाचा डबा विकणारा हा क्रम सांगत नाही.

रसाची गोष्ट अनेकांना खटकते. कडुलिंब, कारले, तुळस ही साखरेसाठी घ्यायची म्हणून घरोघरी मान्य त्रयी. पण तिन्हींवर प्राण्यांत शुक्रजंतू घटल्याचे अहवाल आहेत: कडुलिंबाचे पानांचा अर्क दिलेल्या उंदरांत, कारल्याचे कुत्र्यांत, तुळशीचे सशांत. कडुलिंबाच्या तेलाचा शुक्रजंतुनाशक गुण तर गर्भनिरोधकासाठी अभ्यासला गेला. माणसांवर रोजच्या ग्लासाचा पुरावा तुटपुंजा आहे, त्यामुळे "रसानेच झाले" म्हणणे चूक. मात्र मूल हवे असलेल्या पुरुषाने साखरेतल्या किरकोळ फायद्यासाठी हा धोका पत्करण्यात शहाणपण नाही. मूल होईपर्यंत रस बंद, कारल्याची भाजी चालू. घरच्या मंडळींचा विरोध झाला तो याच एका गोष्टीला.

मेथी ठेवली. तिच्यातला गॅलॅक्टोमॅनन हा चिकट तंतू साखरेचे शोषण लांबवतो. दिवसाला १० ग्रॅम, म्हणजे साधारण तीन सपाट चहाचे चमचे: रात्री भिजवून, निम्मे सकाळी, निम्मे संध्याकाळच्या जेवणाआधी, पाण्यासकट. हाच तंतू गोळ्यांचेही शोषण लांबवतो, म्हणून गोळी आणि मेथीत एक-दोन तासांचे अंतर. रक्त पातळ करणारी वॉरफॅरिन चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मेथीतल्या डायोसजेनिनचे शरीरात टेस्टोस्टेरॉन होते हा प्रचार खोटा आहे. ते रूपांतर प्रयोगशाळेत होते, पोटात नाही.

उंदराची मात्रा आणि माणसाचा चमचा

अश्वगंधा, मुसळी, कवचबीज, गोखरू यांच्या जाहिरातींत "मधुमेहातील पुरुष वंध्यत्वावर सिद्ध" असे लिहिलेले असते. ही सिद्धता बहुतांशी उंदरांची. त्यांना स्ट्रेप्टोझोटोसिन टोचून स्वादुपिंडाच्या बीटा पेशी मारतात, साखर २५०-३०० च्या वर नेतात, मग चार ते आठ आठवडे अर्क पाजून वृषणे तपासतात. हा टाइप १ सारखा, उपचार न केलेला, वाळत जाणारा उंदीर. आपला रुग्ण पोट सुटलेला, टाइप २, गोळ्यांवरचा. असे लेख वाचताना मेटफॉर्मिन किंवा ग्लिबेनक्लामाइड दिलेला तुलनेचा गट आधी पाहावा. तोही तितकाच सुधारला असेल तर श्रेय साखर उतरण्याचे, वनस्पतीचे नव्हे.

मात्रेचा हिशेब तर कुणी करतच नाही. उंदराची मात्रा माणसाला लावताना शरीराच्या पृष्ठभागाच्या हिशेबाने साधारण ६.२ ने भागतात. २०० मिलिग्रॅम दर किलो ही नेहमीची मात्रा धरली तर माणसाला ३२ मिलिग्रॅम दर किलो, म्हणजे ८२ किलोच्या रुग्णाला सुमारे २.६ ग्रॅम अर्क. शंभर ग्रॅम मुळीतून दहा ग्रॅम अर्क निघतो असे मानले तर रोज २६ ग्रॅम चूर्ण, म्हणजे आठ-नऊ चमचे. चूर्णाची रूढ मात्रा ३ ते ६ ग्रॅम. तेव्हा डब्यावरचा दावा आणि डब्यातला चमचा यांचा मेळ बसत नाही. (हाच न्याय उलटाही लावावा. आहाराचा ३० टक्के भाग मेथी दिलेल्या सशांत वृषणांना इजा दिसली म्हणून चमचाभर मेथी सोडायचे कारण नाही.)

अश्वगंधेचे थोडे वेगळे आहे, कारण तिच्यावर माणसांतला पुरावा आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत शुक्रजंतू कमी असलेल्या ४६ पुरुषांपैकी २१ जणांना मुळांचा अर्क रोज ६७५ मिलिग्रॅम, तीन भागांत, ९० दिवस दिला. त्यांची शुक्रजंतूंची संख्या १६७ टक्के वाढली. चाचणी छोटी आणि मधुमेहींवरची नव्हे, एवढे भान ठेवले तर एकदा करून पाहण्याइतकी जागा तिला मिळते. म्हणून ही एकच वनस्पती ठेवली: मुळाचे चूर्ण, ३ ग्रॅम दोनदा, कोमट पाण्याबरोबर, परवानाधारक उत्पादकाचे, ९० दिवस, पुढे नाही. आधी यकृत आणि थायरॉइडची तपासणी, सहा आठवड्यांनी पुन्हा, कारण तिने क्वचित यकृताला सूज येते आणि थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. अंगाला खाज, गडद लघवी, डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी बंद. साखर उतरवणाऱ्या गोळ्यांबरोबर ती साखर आणखी थोडी उतरवू शकते, म्हणून पहिले दोन आठवडे ग्लुकोमीटर हाताशी.

कवचबीज दिले नाही, आणि इथे उभे राहिल्यावर घसरणारा रक्तदाब पहिल्यांदा कामी आला. खाजकुयलीच्या बियांत एल-डोपा चार ते सहा टक्के असतो आणि तो रक्तदाब उतरवतो. मशीनसमोर उभ्या माणसाला चक्कर आणणारे औषध नको. गोखरू, म्हणजे आपला सराटा, टेस्टोस्टेरॉन वाढवतो हे माणसांत टिकलेले नाही. एका वेळी एकच वनस्पती ठेवायचे आणखी एक साधे कारण आहे: त्रास झाला तर कशाने, हे कळते.

खरे उपचार

मधुमेहतज्ज्ञांनी रात्रपाळीतल्या साखर कोसळण्यामुळे ग्लिमेपिराइड काढले, मेटफॉर्मिन पायरीपायरीने १००० मिलिग्रॅम दोनदा केले, सिटाग्लिप्टिन जोडले. लघवीवाटे साखर काढणारी गोळी टाळली, कारण त्वचेला बुरशी आधीच होती आणि त्या गोळीने ती बळावते. बुरशीला मलम. बी१२ची इंजेक्शने. ताठरतेसाठी हृदयाची ताण-चाचणी आणि नायट्रेट नसल्याची खात्री करून टॅडालाफिल ५ मिलिग्रॅम. मधुमेहींत ताठरतेची तक्रार हृदयविकाराच्या आधी काही वर्षे येऊ शकते, म्हणून ही चाचणी सोडायची नसते.

मागच्या दारासाठी मूत्ररोगतज्ज्ञ. मूत्राशयाचे तोंड आवळणारी औषधे दोन प्रकारची. इमिप्रामिनने उभ्याचा रक्तदाब पडतो, म्हणून ते बाद; इथे तो आकडा दुसऱ्यांदा कामी आला. नाक मोकळे करणारे स्यूडोएफेड्रिन पत्नीचे स्त्रीबीज सुटण्याच्या चार-पाच दिवसांपुरते, रक्तदाब पाहत.

खाण्यात वेळ गेला तो पाळीच्या वेळापत्रकावर. रात्रपाळीत बाराला डबा, चारला मूठभर फुटाणे, सकाळी सुटल्यावर मिसळ नको. मटकीच्या उसळीवर राग नाही. राग आहे तो वरच्या फरसाणावर, तर्रीवर आणि चार पावांवर. नाशिककराला हे सांगणे जड जाते, म्हणून रविवारी एक मिसळ, एक पाव, असा तोडगा निघाला.

चौदा आठवड्यांनंतर

शुक्रजंतू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि बाहेर पोचायला आणखी काही दिवस लागतात, तर एचबीए१सी तीन महिन्यांचे दाखवते. म्हणून आधी तपासणी केली नाही. महिन्याभरात वीर्य तपासून निराश होणारे आणि पुडी बदलणारे बरेच असतात.

एचबीए१सी ७.३, वजन ७७ किलो, टेस्टोस्टेरॉन ३८४, बी१२ सुधारलेले, यकृत आणि थायरॉइड ठीक. ताठरता बहुतेक वेळा समाधानकारक. स्यूडोएफेड्रिन घेतलेल्या दिवशी वीर्य १.१ मिलिलिटर, दर मिलिलिटरला २१ दशलक्ष, पुढे सरकणारे ३१ टक्के. औषध न घेतलेल्या दिवशी वीर्य पुन्हा ०.६. म्हणजे नस बरी झालेली नाही, दार औषधापुरते मिटते.

यात अश्वगंधेचा वाटा किती, हे या प्रकरणातून काढता येत नाही. साखर, वजन, झोप, पाक, रस, करडी पूड सगळे एकाच वेळी बदलले. प्रमाणातला फरक स्यूडोएफेड्रिनचा, हे मात्र औषधाच्या आणि बिनऔषधाच्या दिवसांवरून स्पष्ट आहे. चालीतली सुधारणा साखर उतरल्याने झाली असण्याची शक्यता जास्त. नव्वद दिवसांनी अश्वगंधा ठरल्याप्रमाणे बंद केली, मेथी चालू आहे.

तीन महिन्यांत नैसर्गिक गर्भधारणा न झाल्यास लघवीतून शुक्रजंतू काढून ते गर्भाशयात सोडायचे ठरले आहे. त्यासाठी लघवीची आम्लता घालवावी लागते, कारण आम्लात शुक्रजंतू मरतात. वंध्यत्व उपचार केंद्राने सांगितलेल्या मात्रेत खाण्याचा सोडा आदल्या रात्री आणि त्या सकाळी घ्यायचा, पाणी भरपूर प्यायचे आणि नमुन्याआधी मूत्राशय रिकामे करायचे. सोड्यात सोडियम असल्याने रक्तदाब त्या दिवशी दोनदा मोजायचा. ती तारीख रात्रपाळीच्या आठवड्यात येणार नाही, अशा बेताने पाळी बदलून घ्यायला सांगितले आहे.